शाळेतून आल्यावर मुलगी चार तास एकटी

प्रश्न (डिचोलीतील एक आई):
शाळा दीडला सुटते, आम्ही दोघेही पणजीहून सहाच्या सुमारास परततो आणि सासूबाई गावी गेल्यापासून आमची अकरा वर्षांची मुलगी तोवर घरात एकटीच असते. परवा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकून तिने दार उघडले, पाव घेतले आणि कडी लावायचीच विसरली. मी पोहोचले तेव्हा दार सताड उघडे होते. तिला नेमके काय शिकवावे?

उत्तर (फोंडा):
ताई, दारापेक्षा मला स्वयंपाकघराची धास्ती अधिक वाटते. घराबाहेर पडताना रेग्युलेटर बंद करा आणि जेवण डब्यात काढून ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास आल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता, दारे-खिडक्या उघडून तिने थेट शेजारी जावे आणि फोनही तिथूनच करावा, हे तिच्याकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. नुसते सांगितलेले मुले विसरतात. (मोठेही विसरतात, हा घरचा अनुभव.)

उत्तर (म्हापसा):
तातडीच्या मदतीचा 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोनवर कोणी विचारल्यास ‘आई कामात आहे’ एवढेच तिने म्हणावे. अंगणात विहीर असेल, तर पावसाळ्यात तिकडे फिरकणे पूर्ण बंद.

प्रश्नकर्ती:
विहीर आहे आणि तिचा कठडाही बुटका आहे. या रविवारीच जाळी बसवून घेते.