ऑफिस, घर, लहान मूल, यात देवाशी रोजचं बोलणं कसं टिकवता?

वडगावशेरीकर_आई
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी वडगाव शेरीला राहते, नोकरी कोथरूडला, रोज रामवाडी ते वनाज मेट्रो. मुलगा लहान आहे अजून. लग्नाआधी सकाळची शांत वेळ ठरलेली असायची, बायबल वाचन, प्रार्थना, सगळं निवांत. आता उठल्यापासून डबे, त्याचं आवरणं, सासूबाईंच्या गोळ्या आणि रात्री प्रार्थनेला बसलं की अर्ध्या वाक्यातच डोळा लागतो. रविवारी उपासनेत, प्रभुभोजन घेताना खरंच भरून येतं पण मंगळवार उजाडेपर्यंत ते सगळं कुठे जातं कळत नाही. विश्वास डळमळलाय असं अजिबात नाही, पण दिवसच्या दिवस प्रभूशी बोलणंच होत नाही, त्याचं वाईट वाटतं आणि मग त्या वाईट वाटण्यामुळेच प्रार्थनेला बसायला मन धजत नाही. "निरंतर प्रार्थना करा" (1 थेस्सलनी 5:17) वाचलं की धडकीच भरते. ज्यांच्या घरी अशीच पळापळ आहे त्यांनी सांगा ना, तुम्ही रोज नक्की काय करता? फक्त "वेळ काढ" असं सांगू नका प्लीज, तो काढून झालाय.

रास्तापेठ_काकू
अगं पोरी, बायबलमधल्या नहेम्याचा दुसरा अध्याय वाच. तो नोकरीवर होता, राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारसाचा प्याला देणारा. राजा विचारतो, तुझं तोंड का उतरलंय, तुला काय पाहिजे? आणि पुढच्या ओळीत लिहिलंय की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. राजासमोर उभं असताना किती वेळ मिळाला असेल त्याला? एक श्वास! ती पण प्रार्थनाच आणि देवाने ती ऐकली. पण पहिला अध्याय पण बघ हं, तिथे तो उपास करून, रडून प्रार्थना करतोय, किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत जवळजवळ चार महिने ते ओझं मनात घेऊन होता, म्हणून तर ऐनवेळी तोंडून नीट शब्द निघाले.
मी काय करते सांगते. पोळ्या लाटताना एका पोळीला एक माणूस. पहिली मोठ्या लेकाची, मग सुनेची, मग आमच्या मजल्यावरच्या आजी ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांची, ती पोळी तव्यावर फुगेपर्यंत त्याच माणसासाठी मागायचं, उतरवली की पुढचं. कणीक संपते पण नावं संपत नाहीत. आणि ना. वा. टिळकांची गाणी पाठ असतीलच तुला, उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातली, ती गुणगुण. कीर्तनात मुरलेला माणूस तो, त्यांचे शब्द पाठ व्हायला आणि काम करता करता म्हणायला किती सोपे आहेत बघ. आपले शब्द सुचत नाहीत तेव्हा दुसऱ्याच्या शब्दांनी देवाजवळ जाण्यात काही कमीपणा नाही.

क्वार्टरगेटचा
मी कॅथलिक आहे, चालेल ना? आमच्याकडे संत इग्नेशियसने शिकवलेली एक पद्धत आहे, एक्झामेन म्हणतात, जेझुइट लोक, म्हणजे त्यांच्या संघातले, दिवसातून दोनदा करतात, दुपारी आणि रात्री. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी आजच्या दिवसाबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस सावकाश डोळ्यासमोरून न्यायचा, कुठे देव जवळ वाटला, कुठे मी तोंड फिरवलं, त्याची क्षमा आणि उद्यासाठी मदत. बास. ताई, तुम्ही संध्याकाळी वनाजला चढता म्हणजे पहिलंच स्टेशन, बसायला जागा मिळते. फोन पर्समध्ये टाकून सिव्हिल कोर्टची गर्दी चढेपर्यंत हे सहज होतं, आणि घरी पोचण्याआधी होतं म्हणून झोपेशी भांडण नाही. ऑफिसमध्ये कुणावर खेकसलो ते मला त्या वेळातच दिसतं, एरवी दिसत नाही. यात बोलायचं कमी आणि बघायचं जास्त असतं त्यामुळे थकलेल्या माणसालाही जमतं.

बिबवेवाडी_बाबा
वरचं सगळं पटलं, पण मी थोडं वेगळं म्हणतो. येता-जाता प्रार्थना चांगलीच, पण तेवढ्यावर कायम भागत नाही. मार्क 1 मध्ये बघा, संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलंय, येशू आजाऱ्यांना बरं करतोय आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतोय. एवढ्या गर्दीच्या दिवसानंतर त्यालाही एकांत लागला तर आपल्याला लागणारच. पण माझ्या मते हा प्रश्न एकट्या ताईंनी सोडवायचा नाहीच आहे. नवरा कुठे आहे या सगळ्यात? मी रोज सकाळी मुलीला घेऊन खाली पार्किंगमध्ये मांजरं बघायला जातो, तेवढा वेळ बायकोचा आणि देवाचा, दाराची कडी आतून. रात्री भांडी मी घासतो, तेव्हा माझी प्रार्थना. ख्रिस्ती घर म्हणजे निदान एवढं तरी करावं, खरंच. आजच बोला त्यांच्याशी.

केडगावची_माहेरवाशीण
वडगावशेरीकर ताई, ते वाईट वाटण्याचं वाचून थांबले. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली पडतो, आता पुरे म्हणतो, मरणच मागतो. देवदूत त्याला रागावत नाही, प्रार्थना का नाही केलीस असं विचारत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला देतो, कारण वाट तुला फार दूरची आहे म्हणतो. देवाचा आवाज त्यानंतर येतो. म्हणून प्रार्थनेत झोप लागली तर लागू दे, तू बापाच्या घरातच झोपलीयेस.
आमच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं 1905 चं संजीवन, म्हणजे ती मोठी आत्मिक जागृती, सगळे सांगतात, पण तिथल्या बायका शेती, विणकाम, छापखाना हे सगळं करत होत्या, आणि रमाबाई स्वतः वर्षानुवर्षं बायबलचं भाषांतर करत बसल्या, 1922 ला जाईपर्यंत. ते रोजचं, न दिसणारं काम पण देवाजवळ राहणंच होतं ना.
आणि कोरडं वाटलं तर कोरड्याने बोल. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, शेवटी एकही आनंदाची ओळ नाही, तरी ते बायबलमध्ये आहे.

वडगावशेरीकर_आई
काकू, पोळ्यांचं उद्यापासूनच. नवऱ्याला बिबवेवाडी दादांचा रिप्लाय वाचून दाखवला, शनिवार-रविवार सकाळ तो बघतो म्हणालाय, बाकीच्या दिवसांचं ठरवतोय. अजून एक विचारायचंय, मुलाला सोबत घेऊन काय करता येईल? तो दोन मिनिटं एका जागी बसत नाही.

रास्तापेठ_काकू
बसवूच नकोस त्याला. स्तोत्र 23 ची एक-एक ओळ आंघोळ घालताना म्हण, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", आठवडाभर तेवढीच. पुढच्या आठवड्यात दुसरी. आमच्या नातवाने अशीच पाठ केली, आणि मेंढपाळ म्हणायच्या आधी बॅ बॅ करायचा, करू दे.