जीटीएक्स ७८० टीआय की जीटीएक्स १०६०?

रातवा:
जुन्या डेस्कटॉपसाठी दोन वापरलेली ग्राफिक्स कार्डं मिळताहेत: जीटीएक्स ७८० टीआय (३ जीबी) आणि जीटीएक्स १०६० (६ जीबी). आकडे बघितले तर ७८० टीआयच दांडगं वाटतं. २८८० कूडा कोअर (गणितं करणारे छोटे घटक), समोर १२८०. मेमरी इंटरफेस ३८४ बिटचा, समोर १९२. तरी जो तो १०६० घ्या म्हणतो, ते का? मॉनिटर १०८०पी, पॉवर सप्लाय ४५० वॅटचा. गेम खेळतो, अधूनमधून व्हिडिओ एडिट करतो.

तांबडतार:
१०६० घ्या. ७८० टीआय मी बरीच वर्षं वापरलंय, त्या कार्डावर माझा जीव आहे, तरीही हेच सांगेन.

कोअरची संख्या एकाच पिढीतल्या कार्डांमध्ये ताडून बघायची असते. केप्लरमध्ये, म्हणजे ७८० टीआयच्या पिढीत, १९२ कोअरचा एक गट असतो आणि त्याला काम वाटून देणारे शेड्यूलर चार. एक शेड्यूलर एका सूचनेने ३२ कोअर कामाला लावतो, म्हणजे १२८ सहज भरतात. उरलेल्या ६४ ना काम मिळतं ते एकमेकींवर न अवलंबणाऱ्या दोन सूचना जोडीने सापडल्या तरच, आणि गेमच्या कोडमध्ये त्या दर वेळी सापडत नाहीत. पास्कलचा, म्हणजे १०६० च्या पिढीचा, गट १२८ चा, त्याचे चार भाग, प्रत्येक भागाला स्वतःचा शेड्यूलर. तिथे कोअर रिकामे बसत नाहीत. शिवाय १०६० चा बूस्ट क्लॉक (भार असताना गाठायचा वेग) १७०८ मेगाहर्ट्झ, ७८० टीआयचा ९२८. टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) काढले तर अजूनही ७८० टीआयच वर येतं, ५.३ विरुद्ध ४.४. पण गेम सुरू केला की हा हिशेब टिकत नाही.

मेमरीच्या वेगाचंही तसंच. ३३६ जीबी प्रतिसेकंद ऐकायला भारी आहे, १०६० ला १९२ च मिळतात. पण पास्कल रंगांचा डेटा जास्त चांगला दाबतं आणि चित्र तुकड्यातुकड्याने रंगवून बरंचसं काम कॅशमध्येच (चिपच्या आतल्या छोट्या मेमरीत) उरकतं.

खरी अडचण ७८० टीआयच्या ३ जीबी मेमरीची. टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) मावेनासे झाले की ते सिस्टिमच्या रॅममध्ये जातात आणि गेम झटके खायला लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ठीक दिसतो, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. खेळताना मात्र डोळ्यांना खुपतं.

केप्लरचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले, सुरक्षा अपडेट सप्टेंबर २०२४ ला. पास्कललाही गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते, पण सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत जाहीर झालेले आहेत. डायरेक्टएक्स १२ (विंडोजची गेम-ग्राफिक्सची प्रणाली) चा १२_० स्तर मागणारे गेम केप्लरवर उघडतच नाहीत.

आणि तुमचा पॉवर सप्लाय! ७८० टीआय २५० वॅटचं, त्याला ६०० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. १०६० १२० वॅटचं, ४०० चा पुरतो.

निळापडदा:
एडिटिंगसाठीही १०६० च. एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) त्यात हार्डवेअरवर डिकोड-एनकोड होतं, ७८० टीआयवर तो सगळा भार प्रोसेसरवर. फक्त ३ जीबीचं १०६० गळ्यात पडू देऊ नका. नाव तेच, पण त्यात कोअरही कमी, ११५२. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) तपासून घ्या, म्हणजे बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०६० म्हणून खपवलेलं भलतंच कार्डही पकडलं जाईल.

रातवा:
समजलं, १०६० घेतो. मॉनिटर सध्या व्हीजीएवर जोडलाय, चालेल ना?

तांबडतार:
थेट नाही. व्हीजीए अ‍ॅनालॉग असतं. पास्कलमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही, आणि डीव्हीआयला लावायचा साधा अ‍ॅडाप्टर उपयोगाचा नाही. मॉनिटरच्या मागे डीव्हीआय किंवा एचडीएमआय आहे का बघा. असेल तर फक्त केबल बदला, नसेल तर चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.