पक्षाघाताचा पेशंट घरी: वेगवेगळे जण जातात, एकाचं दुसऱ्याला कळत नाही

आरोग्यसेविका, सत्तरी
गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेज) डिस्चार्ज घेऊन पेशंट गावात येतो. नाकात रायल्स ट्यूब (पोटात अन्न द्यायची नळी), लघवीला कॅथेटर (नळी), एक बाजू लुळी. डॉक्टर, फिजिओ आणि आम्ही आपापल्या दिवशी जातो, गोळ्या घरचे आरोग्य केंद्रातून नेतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यावर 'पाहून आले, ठीक आहे' एवढंच येतं. नोंद कशी ठेवावी?

कम्युनिटी नर्स
ग्रुप निरोपापुरता ठेवा. नोंद पेशंटच्या उशाशी, एकाच वहीत. प्रत्येकाची वेगळी वही केली की कुणीच दुसऱ्याची उघडत नाही. रकाने माणसांचे नकोत, पेशंटचे हवेत: बीपी, ट्यूब, लघवी, कातडी आणि शेवटी 'पुढच्याने काय बघायचं'. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीचे भरून फारसा उपयोग नाही.

कॅथेटर 'बदलला' एवढं लिहून भागत नाही. कुठला घातला तेही लिहा. साधा लेटेक्सचा दोन-तीन आठवड्यांत बदलायचा, पूर्ण सिलिकॉनचा 12 आठवड्यांपर्यंत चालतो. प्रकार माहीत नसला की एकतर विनाकारण बदलतात किंवा तुंबेपर्यंत ठेवतात.

माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून बघा. दाबूनही पांढरी पडत नसेल तर ती बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात. त्याच दिवशी डॉक्टरला फोन, आणि तिथे चोळायचं नाही हे घरच्यांना बजावून सांगा.

फिजिओथेरपिस्ट, फोंडा
आमचं खरं भांडण वेळेचं. फिजिओ दहाला पोचतो आणि साडेनऊला 250 मिली पेज ट्यूबमधून गेलेली असते. त्यावर व्यायाम केला की उलटी, आणि उलटी फुप्फुसात. फीडनंतर निदान तासभर जाऊ द्या. पहिला अर्धा तास तर डोकं 30 ते 45 अंश वरच हवं, तेव्हा आडवं करून ड्रेसिंगही नको.

दुसरं, कूस बदलताना लुळा हात धरून ओढतात. खांदा निखळतो, मग महिनोनमहिने दुखणं. खांद्याच्या पात्यामागे आणि कमरेखाली हात घालून वळवायचं. हे सुनेला आणि सेविकेला एकाच वेळी, एकत्र उभं करून दाखवा.

फार्मासिस्ट
फीडची वेळ फिजिओ एकटा ठरवू शकत नाही. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर ते फीडबरोबर नीट शोषलं जात नाही. आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तास फीड बंद ठेवतात. म्हणजे डोसची वेळ हलली की पेजेची हलते, पेजेची हलली की व्यायामाची. वेळापत्रक डॉक्टरसमोर एकदाच बसून ठरवा.

आवरणाची अ‍ॅस्पिरिन आणि 'एसआर' (हळूहळू विरघळणाऱ्या) गोळ्या कुटायच्या नाहीत. दुसरा पर्याय डॉक्टर देतील. आणि डिस्चार्ज कार्डावर कंपनीचं नाव, केंद्राच्या पाकिटावर औषधाचं, त्यामुळे बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन दोनदा पोटात जातं. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका डब्यात गोळा करून औषधाच्या मूळ नावाने यादी करा. गोळी बंद-चालू करायचा अधिकार एकाच डॉक्टरचा, आणि तो निर्णय तारखेसह वहीत.

आरोग्यसेविका, सत्तरी
एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायची का?

कम्युनिटी नर्स
हो. पावसात वीज गेली की पंप बंद, गादी हळूहळू बसते आणि पेशंट थेट फळीवर येतो. रात्रीच्या वेळा कोण सांभाळणार ते नाव वहीत लिहून घ्या.