परीक्षकांना रिझवतात की पटवतात? (आणि ड्रम कोअरला मराठीत काय म्हणावं?)

मारिंबाची आई:
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ड्रम कोअरवर लेख लिहितेय. लेक इंडियानात शाळेच्या बँडमध्ये मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवते. त्यामुळे ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये जाऊन ड्रम कोअर स्पर्धेची फायनल बघणं हा आता आमच्या घरचा कुळाचार झालाय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दीडेकशे पोरंपोरी, फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि निशाणं. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन वर्ज्य. फुटबॉलच्या मैदानावर कवायत करत दहा-बारा मिनिटांचा एकच प्रयोग, आणि गुण शंभरपैकी, दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत.
तिथला जुना वाद असा की हे सगळं परीक्षकांसाठी करायचं की लोकांसाठी? मी शीर्षक दिलं, 'परीक्षकांना रिझवावे की प्रेक्षकांना?' संपादक म्हणतात, परीक्षकांना कोणी रिझवत नाही, 'तुष्ट करावे' लिहा. तुष्ट म्हटलं की मला सत्यनारायणाची पोथीच आठवते. शिवाय त्यांनी ड्रम कोअरचं सगळीकडे 'ढोलपथक' करून टाकलंय. चालेल का?

नदीपात्र:
ताई, ढोलपथक अजिबात नको. नऊ वर्षं ढोल वाजवलाय. ढोल नाही, ताशा नाही, टिपरू नाही, मग ढोलपथक कसलं? तुमच्याकडे अर्धीअधिक पोरं तुताऱ्याच फुंकतात. हां, निशाणवाल्यांना मात्र 'ध्वजपथक' बिनधास्त म्हणा, आमच्याकडे तोच शब्द आहे आणि कामही तेच.
रिझवण्याबद्दल एक किस्सा. एका स्पर्धेत आम्ही शेवटच्या आवर्तनात असे काही सुटलो की लोक खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारत होते. मी पहिल्या रांगेत, माझ्या ढोलाचं पान फाटायचंच बाकी होतं. निकालानंतर परीक्षकांचा कागद बघायला मिळाला. तीनच शब्द, खाली दोन रेघा: 'इथे लय पळाली.' जिथे शिट्ट्या, नेमकं तिथेच.

निवृत्त मास्तर:
'पथक' ठेवायला हरकत नसावी. कोअर म्हणजे सैन्याची तुकडी, आणि आपलं पथकही मुळात घोडेस्वारांचं. तिकडचे हे बँडही पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी वाढवले. इतकी सरळ जुळणी रोज मिळत नाही. 'बिगूलपथक' म्हणा. आणि कृपा करून कोणी 'कॉर्प्स' असा उच्चार करू नका, त्याचं प्रेत होतं.
रिझवणे हे रंजनातून आलं असं वाटतं खरं, पण प्राकृतात 'रिज्झइ' आहे, तो 'ऋध्यति'वरून, म्हणजे भरभराट होणे. तेव्हा परीक्षकही रिझू शकतो, त्याला व्युत्पत्तीची आडकाठी नाही.

कोल्हापुरी मिसळ:
मास्तर, व्युत्पत्ती राहू द्या. आमच्याकडं प्रेक्षकाला रिझवत्यात आणि परीक्षकाला पटवत्यात. 😀

निवृत्त मास्तर:
पटवणे म्हणजे युक्तिवादाने मान्य करवणे. तुम्ही सुचवता तो अर्थ कॉलेजच्या कट्ट्यावरचा आहे.

कोल्हापुरी मिसळ:
कट्ट्यावरचाच जिवंत आहे की. 'परीक्षक पटवले' असं वाक्य उद्या पेपरात आलं तर किती लोक युक्तिवाद समजतील? आणि 'मायबाप प्रेक्षक' म्हणतो आपण. 'मायबाप परीक्षक' कुणी म्हटलेलं ऐकलंय?

मारिंबाची आई:
मिसळदादा, हे लेखात घेऊ का?
आता खरी अडचण सांगते. १९८३ पर्यंत तिथे 'टिक' पद्धत होती. परीक्षक मैदानात पोरांच्या मागेमागे फिरायचे आणि प्रत्येक चुकीला कागदावर एक टिक, म्हणजे एक दशांश गुण कापला. १९८४ पासून ते गेलं, आता केलेल्या कामाचे गुण चढत जातात. पण आपल्याकडे टिक म्हणजे बरोबरची खूण! माझ्या आईने कच्चा लेख वाचला आणि विचारलं, "एवढ्या टिका मिळूनही हरले कसे?"

नदीपात्र:
'फुली' लिहा. फुलीपद्धत. शंका नको.

अर्धमागधी:
मग त्या काळच्या जजला 'पंच' म्हणावं लागेल, परीक्षक नव्हे. पंच चूक पकडतो, परीक्षक पारख करतो. १९८४ला पंचाचा परीक्षक झाला. लेखाचा खरा विषय हाच आहे, असं माझं मत.
आता संस्कृतातली गंमत. लोकांच्या बाजूने कालिदासाचं वचन हमखास देतात, 'नाट्यं भिन्नरुचेर्जनस्य बहुधाप्येकं समाराधनम्'. पण त्याच कालिदासाचा सूत्रधार शाकुंतलात म्हणतो, 'आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्', म्हणजे जाणकारांचं समाधान होईतो प्रयोग जमला असं मी मानत नाही. दोन्ही पक्षांचं वकीलपत्र एकाच माणसाकडे. त्यातून ते पहिलं वचन मालविकाग्निमित्रात नृत्यगुरू गणदासाच्या तोंडी आहे, आणि पुढे लगेच त्याची दुसऱ्या गुरूशी स्पर्धा लागते. परीक्षक एक परिव्राजिका (संन्यासिनी), आणि ती राजाच्या कटात सामील! राजाला फक्त मालविकेला बघायचं असतं.
तिथे परीक्षकाला शब्द आहे 'प्राश्निक'. नाट्यशास्त्रातही तोच, आणि प्रयोगातल्या दोषांना तिथे 'घात' म्हटलंय. तुमची टिक ती हीच. प्रेक्षक आसनावरून उठले तर त्याला 'अभ्युत्थान'. 'उभं राहून मानवंदना' लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आणि जिथे आवाज नाही, चुळबूळ नाही, रंगमंडप भरलेला, ती 'दैवी सिद्धी'. टाळ्या-आरोळ्या मानुषी.

कोल्हापुरी मिसळ:
मंडळाच्या अंकात 'अभ्युत्थान' छापलं तर लोक गीतेचा श्लोक समजतील.

मारिंबाची आई:
दैवी-मानुषी वाचून १९९३ची गोष्ट आठवली. स्टार ऑफ इंडियाना नावाचं ब्लूमिंग्टनचं पथक. दोन वर्षांपूर्वी रेस्पिगी या संगीतकाराच्या रचना वाजवून पहिले आलेले. त्या वर्षी काळवंडलेलं, टोकदार संगीत आणलं, बार्बर आणि बार्टोक. लोकांनी हुर्यो उडवली. परीक्षकांनी मात्र दुसरा नंबर दिला, पहिल्यापेक्षा एकच दशांश कमी. त्यानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली. पुढे त्याच मंडळींतून 'ब्लास्ट' हा रंगमंचावरचा प्रयोग निघाला, लंडनला १९९९मध्ये, २००१मध्ये ब्रॉडवेवर, आणि त्याला टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं. तिकीट काढून लोक आले. आता याला कोण रिझलं म्हणायचं?
उलट २००८मध्ये फँटम रेजिमेंट या पथकाचा 'स्पार्टाकस' हा प्रयोग. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि विजेतेपदही त्यांनाच. फरक ०.०२५!

स्पर्धेचं नाटक:
आम्ही एकांकिकावाले हे रोज भोगतो. पुरुषोत्तम करंडकाला 'स्पर्धेची एकांकिका' अशी जातच आहे: अंधार, एक ठोकळा, शेवटी गोठलेलं दृश्य. ती परीक्षकांसाठी. प्रेक्षक 'आवाज कुणाचा' ओरडायला आलेले असतात, त्यांना काहीही चालतं. यासाठी शब्द हवा असेल तर प्रेक्षकांच्या बाजूने 'टाळ्याखाऊ' आहेच, परीक्षकांच्या बाजूने 'गुणखाऊ' घ्या.

निवृत्त मास्तर:
'गुणखाऊ' कोशात नाही.

स्पर्धेचं नाटक:
आज आला.

मारिंबाची आई:
एक राहिलं. शंभरातले चाळीस गुण 'जनरल इफेक्ट'ला असतात. ते परीक्षक वर प्रेक्षकांमध्येच बसून बघतात. लोकांपर्यंत किती पोचलं, तेही त्यांनीच जोखायचं. संपादकांनी 'सर्वसाधारण परिणाम' केलंय. औषधाच्या चिठ्ठीवरचं वाटतं.

नदीपात्र:
'रंगत'. रंगतीला चाळीस गुण.

अर्धमागधी:
सुंदर. पण रंगतीला गुण देता आले असते तर मैफिलीत कुणी मान कशाला डोलावली असती?

स्पर्धेचं नाटक:
लेखात एक वाक्य आहे का, 'हे पथक पिटासाठी वाजवतं' असं काही? कच्चा मसुदा मीही वाचलाय (संपादक आमचे मेव्हणे). मी त्याचा अर्थ स्वस्तातल्या रांगांतला, शिट्ट्या मारणारा प्रेक्षक असा घेतला.

मारिंबाची आई:
अहो नाही! ड्रम कोअरमध्ये पिट म्हणजे मैदानाच्या कडेला उभे राहून मारिंबा-व्हायब्राफोन वाजवणारे. माझी लेक पिटातच आहे! मी लिहिलंय, 'ही रचना पिटासाठी लिहिली आहे.'

कोल्हापुरी मिसळ:
म्हणजे मराठीत वाचलं तर तुमची लेक पिटातल्या लोकांसाठी वाजवते, आणि इंग्रजीत ती स्वतःच पिट. उत्तम.

निवृत्त मास्तर:
पिट हा शब्द संगीत नाटकाच्या काळात रूढ झाला. 'वन्स मोअर' तिथूनच उठायचा.

स्पर्धेचं नाटक:
मास्तर, वन्स मोअर पुढच्या सोफ्यांवरूनही उठायचा. पिटाला उगाच बदनाम केलंय लोकांनी.

निवृत्त मास्तर:
आमचे वडील पिटात बसत. मला माहीत आहे कुठून उठायचा.

मारिंबाची आई:
मंडळी, आभार. अंक काल छापायला गेला. शीर्षक संपादकांनीच ठरवलं: 'ढोलताशांचा अमेरिकन गजर'. रिझवणं, तुष्ट करणं, दोन्ही गेलं.

नदीपात्र:
गजर?? गजर टाळ-मृदंगाचा. ढोलाचा दणदणाट.

कोल्हापुरी मिसळ:
'ढोलताशांच्या गजरात बाप्पाला निरोप' हे दरवर्षी पेपरात कोण लिहितं मग?

नदीपात्र:
ज्यांनी ढोल कमरेला बांधला नाही ते. नवीन धागा काढतो.