मेलेल्या सर्किट बोर्डांवरचे पार्ट काढायचे की बोर्ड तसाच भंगारात द्यायचा?

गोदाकाठी_डायोड (नांदेड)

"दोन रुपयांच्या ट्रान्झिस्टरसाठी अर्धा तास सोल्डरिंग आयर्न धरून बसणं म्हणजे शुद्ध रिकामटेकडेपणा," असं परवा इथंच एकानं ऐकवलं. म्हणून हा धागा.

पुणेकरानं खुशाल म्हणावं. त्याला तपकीर गल्ली आहे, मुंबईकराला लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडं इलेक्ट्रॉनिक पार्टांची दुकानंच दुकानं. आमच्याकडं १२ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मागितला की टीव्ही मेकॅनिक म्हणतो, "आता कोण ठेवतंय असलं?" हैदराबादचं कोटी मार्केट आम्हाला पुण्यापेक्षा जवळ, पण एका ७८०५ साठी (५ व्होल्ट देणारी तीन पायांची चिप) कोण रेल्वेत बसणार? ऑनलाइन मागवा, तर पार्टापेक्षा कुरिअर महाग आणि यायला चार दिवस.

उलट भंगारवाल्याकडं कॉम्प्युटरचा बंद पडलेला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किलोच्या भावानं मिळतो. त्यात दोन हीटसिंक, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), एनटीसी (चालू करतानाचा करंटचा झटका रोखणारा), रिंग कोअर (कॉइल गुंडाळायचं कडं), पंखा, भरपूर जाड वायर आणि ५ व्होल्टच्या लाइनवरचा तीन पायांचा शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा, स्वतः कमी व्होल्ट खाणारा). जुन्या यूपीएसमध्ये रिले आणि मॉसफेट (जास्त करंटचे ट्रान्झिस्टर). सीएफएलच्या बुडातल्या चिमुकल्या बोर्डावरसुद्धा १३००३ ट्रान्झिस्टरची जोडी आणि १एन४००७ डायोड असतात.

रेझिस्टर मी काढत नाही. मोबाईलच्या बोर्डाला तर हातच लावत नाही, त्यावरच्या बारीक सिरॅमिक कपॅसिटरवर व्हॅल्यू छापलेलीच नसते. पण पॉवरच्या बाजूचा माल काढावाच, असं माझं ठाम मत.

वाळूज_मेंटेनन्स (छ. संभाजीनगर)

भाऊ, बोर्ड भंगारात का आला याचा विचार केलाय का? आपल्याकडच्या व्होल्टेजनं त्याला मारलाय. जे मॉसफेट, जे रिले तुम्ही "माल" म्हणून काढताय, त्यांनीच तो मार खाल्लाय. मीटरवर चांगला दाखवणारा मॉसफेट लोड दिल्यावर जातो, हे आमच्याकडं नेहमीचं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तर नावच काढू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. बंद डब्यात, हीटसिंकला चिकटून, परभणीच्या मे महिन्यात तो किती वर्षं शिजला असेल? आतलं द्रावण सुकतं, ईएसआर (आतला रोध) वाढतो आणि साध्या मीटरवर मायक्रोफॅरड मात्र जवळजवळ बरोबर दिसतात. लोक तिथंच फसतात.

आणि तो यूपीएसचा रिले तुम्ही शेवटी लावणार कुठं? शेतातल्या मोटरच्या, लाइट आली की ती आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचमध्येच ना?

गोदाकाठी_डायोड

हो, तिथंच. पण त्या रिलेवर मोटरचा करंट येतच नाही. तो फक्त स्टार्टरच्या कॉइलला सप्लाय देतो, मोटरचा भार स्टार्टरमधला मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, ओढतो. दहा अँपिअरच्या रिलेला कॉइलचा भार म्हणजे काहीच नाही.

वाळूज_मेंटेनन्स

मान्य. पण आधीच खरवडलेले पॉइंट एखाद्या रात्री चिकटले तर? मोटर बंद होणार नाही. शेतीची लाइट रात्रीची, तुम्ही घरी झोपलेले, विहिरीनं तळ गाठलेला, मोटर कोरडी फिरतेय. जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं बिल किती येतं ते तालुक्याच्या कुठल्याही वाइंडरला विचारा, आणि नव्या रिलेची किंमत त्याच्या शेजारी लिहा.

अण्णा_टीव्हीवाले (लातूर)

दोघांचं वाचलं. माझं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या बोर्डावरचे पार्ट काढून तिसऱ्याच्या टीव्हीत घालण्यात गेलं, त्यामुळं मी कुठल्या बाजूचा ते सांगायला नको. पण आजची पोरं पार्ट कसे काढूलालीत ते बघितलं की अंगावर काटा येतो. गॅसवर बोर्ड धरतात आणि फरशीवर आपटतात! बोर्डाच्या त्या फायबरमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात. जळाल्यावर जो धूर निघतो तो घरात, लेकराबाळांत कशाला?

आधी सप्लायमधला मोठा कपॅसिटर रिकामा करा. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की सव्वातीनशे डीसी होतात, आणि काही सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायचं नाही. होल्डरला दोन वायरी लावून साठ वॅटचा साधा तारेचा बल्ब कपॅसिटरच्या दोन पायांना जोडायचा, मग मीटर लावून खात्री करायची.

मग सोल्डर. युरोपानं जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर बंदी आणली, तेव्हापासूनचे बरेच बोर्ड बिनशिशाचे. जुनं ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतं, हे नवं २१७ च्या पुढं. तुमचा २५ वॅटचा आयर्न त्या जाड कॉपरवर नुसता चिकटून बसतो, आणि जोर केला की पार्टाचा पाय तुटतो. त्याच जोडावर आधी थोडं शिशाचं सोल्डर चढवायचं. दोन्ही मिसळलं की जोड लवकर सुटतो, मग सोल्डर ओढायच्या पंपानं ओढून घ्यायचं. काम झालं की हात साबणानं धुवायचे, मगच तंबाखू मळायची. तंबाखू सोडली तर उत्तम.

मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी पिवळट गोंद असतो, तोही बघा. उष्णतेनं तो तपकिरी, कडक झाला की काही जातींचा करंट सोडायला लागतो आणि शेजारच्या पायांना गंज चढवतो. तिथले पार्ट सोडून द्या.

पॉली_दुसरं_वर्ष (बीड)

रॅमच्या पट्टीवर सोनं असतं म्हणे. ॲसिडमध्ये टाकलं की निघतं का?

अण्णा_टीव्हीवाले

निघतं, पण मुलामा मायक्रॉनच्या हिशेबात मोजायचा असतो. त्यासाठी नायट्रिक ॲसिडची वाफ छातीत घेणार? गप अभ्यास कर बाबा.

फिजिक्स_सर (सेलू)

मुलांना शिकवायला काढलेले पार्ट चांगले, असं माझे काही सहकारी म्हणतात. मला उलटं वाटतं. नवशिक्याचं सर्किट चाललं नाही तर चूक जोडणीत की पार्टात, हे त्याला कळायला मार्ग नसतो. दुपारभर झटापट करून तो नाद सोडतो. त्याला नवे रेझिस्टर, नवे ट्रान्झिस्टर द्या, शंभर-दोनशे रुपयांत भागतं. बोर्ड उघडायला जरूर द्या, पण ट्रॅक कुठून कुठं जातो ते वहीत काढायला. पार्ट वाचवायला नको.

आणि उरलेले बोर्ड उकिरड्यावर टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच जायला हवा. जवळ नसेल तर साठवा, कुणी जिल्ह्याला जाईल त्याच्याबरोबर पाठवा.

गोदाकाठी_डायोड

सरांचं नवशिक्यांपुरतं बरोबर. मी ज्याला मीटर धरता येतो त्याच्याबद्दल बोलतोय. ईएसआर दाखवणारा छोटा टेस्टर हजाराच्या आत येतो, तो घेतल्यावर वाळूजवाल्या भाऊंचा निम्मा आक्षेप गळतो. मोटरच्या रिलेचं मात्र पटलं, तो नवाच घेईन. टाकीच्या बझरला जुना चालेल. शॉटकीचं काय म्हणता?

वाळूज_मेंटेनन्स

शॉटकी मीही ठेवतो. नंबर वाचून घ्या. एसबीएल३०४० म्हणजे आतले दोन्ही डायोड मिळून ३० अँपिअर, ४० व्होल्ट. बॅटरीचा करंट परत पॅनेलकडं जाऊ नये म्हणून सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीच्या मधे टाकला तर रात्री त्याच्यावर उलटे चौदा व्होल्टच्या आसपास बसतात, आरामात झेपतं. २४ व्होल्टच्या सेटला १०० व्होल्टवाला शोधा. आणि हीटसिंकला लावताना मधे मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) घाला, त्याचा पत्रा मधल्या पायाला जोडलेला असतो.

तुमचा तो भंगारवाला नांदेडात कुठं बसतो, तेवढं मेसेज करा.