टॅब आम्ही आवाज भरायला वापरतो

बालवाडीत टॅब आणला तर मुलं बोलायची थांबतील का, असं एका ताईंनी विचारलंय. माझा अनुभव उलटा आहे. आम्ही टॅब बघायला देतच नाही, त्यावर आवाज भरतो. चार-पाच जण गोलात बसतात, एकजण गोष्ट सांगतो, मग सगळे मिळून ऐकतात. स्वतःचा आवाज ऐकला की चेहरे काय खुलतात! घरी वारली बोलणारी आमची एक मुलगी सहा महिने गप्प होती; तिची पहिली गोष्ट अशीच आली, तिच्याच बोलीत.

बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंची साधनं केली. म्हणून मेथी आम्ही पडद्यावर न दाखवता खरीच पेरतो, टॅबवर रोज फक्त तिचा एक फोटो काढतो आणि आठवड्याने ते ओळीने लावून गप्पा मारतो.

गाण्यांचे व्हिडिओ मात्र मी बंद केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचा तेवढा वेळ घरच्या मोबाईलवरच जातो.

ताई, सुरुवात साध्या फोनच्या रेकॉर्डरनेही होते. फक्त पालकांना आधी विचारा आणि मुलांचे आवाज ग्रुपवर टाकू नका.