वॅगन-आरच्या शॉकअपचे बोल्ट जाम, सुटता सुटेनात

खारा_वारा: गाडी बारा वर्षं रत्नागिरीत उघड्यावर. पुढचे शॉकअप घरीच बदलायला घेतलेत. खाली नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) जोडणारे दोन-दोन बोल्ट हलायचं नाव घेत नाहीत. कालपासून डब्ल्यूडी-४० स्प्रे मारतोय. फिक्स पान्यावर पाईप चढवून ओढलं तर पाना सटकला, एका नटाचे कोपरे गोल झाले आणि माझी बोटं सोलली ती वेगळीच. गॅरेजवाला म्हणतो, कटरने उडवू. काही सुचवा.

तेलकट: फिक्स पाना आधी पेटीत टाका. तो नटाच्या दोनच बाजू धरतो. सहा कोनी गोटी (सॉकेट) आणा, बारा कोनी नको. झिजलेल्या नटावर बारा कोनी हमखास घसरते. नटाबाहेर आलेले आटे वायर ब्रशने घासा, कारण नट सुटला तरी त्याच गंजावरून बाहेर यायचाय. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली ओलावा हटवायला बनवलेलं. गंजात झिरपणारं तेल वेगळं मिळतं, ते मारून रात्रभर सोडा. मधून मधून नटाच्या बाजूवर हातोडीने टकटक करा, म्हणजे गंज तडकतो आणि तेल आत जातं. सकाळी आधी केसभर आवळा, मग सोडवा. करकर आवाज आला की समजा जमलं. पण एका दमात काढू नका, अर्धा फेरा सोडवा, पाव परत आवळा.

वाट_चुकलेला: बोल्ट धरून ठेवा, नट फिरवा. काही गाड्यांत बोल्टच्या डोक्याखाली दाते असतात, बोल्ट फिरवला तर भोक खराब होतं. आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) आहे ना? नुसत्या जॅकवर असताना पाईपला लोंबकळू नका.

खारा_वारा: घोडी आहे. ब्लो लॅम्प पण आहे, लावू का?

तेलकट: अजिबात नको! शॉकअपमध्ये तेल, बऱ्याचदा दाबाखालचा वायूही. शेजारी ब्रेकचा होज आणि सांध्यावरचं रबरी आवरण. त्यात तुम्ही दोन दिवस तेल फवारलंय. सायलेन्सरच्या नटाला आच देतात ते ठीक. तिथे नट तापवून मेणबत्ती टेकवली की मेण आट्यांत ओढलं जातं, झकास काम करतं.

जुना_खटारा: थोडं अवांतर. विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. सोडवतोय म्हणून आम्ही भर उन्हात तासभर आवळत होतो.

वाट_चुकलेला: 😂 कापायची वेळ आलीच तर नट कापा, नकल वाचवा. पण नवे बोल्ट आधी हातात असू देत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा असतो, तोच बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चालणार नाही.

खारा_वारा: अपडेट. तीन सुटले! चौथा तो गोल झालेलाच. त्याचा नट हॅक्सॉने अर्धा कापला आणि छिन्नीने फोडला. चारही बोल्ट नवेच टाकतोय. पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून ग्रीस लावू?

तेलकट: मधल्या दांड्याला पुसट हात फिरवा, आटे कोरडे ठेवा. आट्यांना ग्रीस असलं की तेवढ्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. गाडी खाली घेतली की पहिलं काम अलाइनमेंट. हे बोल्ट काढले की चाकाचा कोन हलतो.